पॉल बिग्सबी : एका वाद्यकाराचे चरित्र आणि आपण

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत ज्ञातीच्या इतिहासाविषयी दरवर्षी एखादा तरी लेख असतो. कोणी मूळ गावांचा मागोवा घेतात, कोणी कुळे आणि उपनावे यांची संगती लावतात, तर कोणी पहिल्या पदवीधरांची नोंद करून ठेवतात. हे सर्व उचितच होय. यंदा मात्र आम्ही थोडी दूरची वाट धरीत आहोत. ज्या पुरुषाची हकीकत येथे सांगावयाची आहे तो आपल्या ज्ञातीचा नव्हे, आपल्या देशाचाही नव्हे. तथापि त्याच्या हातांत जी हत्यारे होती ती आपल्या वाडवडिलांच्या हातांत होती, आणि त्याच्या वाट्यास जे आले तेही आपणांस अगदी अपरिचित नाही. म्हणून ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी ही हकीकत परक्याची म्हणून वगळू नये, अशी आरंभीच विनंती आहे.

ह्या गृहस्थांचे नाव पॉल ॲडलबर्ट बिग्सबी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात, लॉस एंजेलिस शहरालगतच्या डाऊनी ह्या गावी, घराशेजारच्या लहानशा कार्यशाळेत ते विजेवर चालणाऱ्या गिटारी तयार करीत. गिऱ्हाइकाने सांगावे आणि त्यांनी घडवावे, अशी त्यांची पद्धत होती. एकासारखी दुसरी गिटार त्यांच्या हातून क्वचितच झाली असेल.

प्रथम ह्या वाद्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. गिटार हे सतारीसारखेच तंतुवाद्य. तिला मान आहे, पडदे आहेत, घोडी आहे, खुंट्या आहेत. सतारीस भोपळा असतो, त्याऐवजी गिटारीस लाकडी पोकळ अंग असते. तार छेडली म्हणजे तिचे कंपन घोडीवाटे त्या पोकळ अंगात उतरते आणि आवाज घुमतो. परंतु हा आवाज मुळात नाजूक. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत अमेरिकेतील वाद्यवृंद मोठे होत गेले, पितळी वाद्ये आणि नगारे यांच्या गजरात गिटारवाला बिचारा दिसे, पण ऐकू येत नसे. तेव्हा तिचा आवाज विजेच्या साहाय्याने वाढविण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यांत पहिले ठळक यश १९३१-३२ च्या सुमारास जॉर्ज बोशां आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांस आले. त्यांनी पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसविले. तार कंप पावली म्हणजे चुंबकाचे क्षेत्र हलते, वेटोळ्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो प्रवाह ध्वनिवर्धकाकडे नेला म्हणजे मोठा आवाज निघतो. शाळेत विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाचा जो पाठ असतो त्याचाच हा उपयोग होय. इंग्रजीत ह्या भागास पिकअप म्हणतात.

पण येथे एक अडचण आली. पोकळ अंगाच्या गिटारीवर पिकअप बसवून आवाज फार वाढविला, तर ध्वनिवर्धकातून निघालेला नाद त्याच पोकळ अंगास पुन्हा कंप देई व तो कंप पुन्हा पिकअपमध्ये शिरे. परिणामी वाद्य वाजण्याऐवजी किंचाळू लागे. आपल्याकडे सभागृहात मायक्रोफोन कर्ण्यासमोर आला म्हणजे जी शिट्टी ऐकू येते, तोच हा प्रकार. यावर उपाय एकच दिसत होता. आवाज घुमविण्याचे काम जर वीज करणार, तर मग अंग पोकळ हवेच कशाला? लेस पॉल ह्या प्रसिद्ध वादकाने १९४० च्या सुमारास एका सबंध लाकडी ओंडक्यावर तारा चढवून हा प्रयोग करून पाहिला होता. तथापि प्रयोग निराळा, आणि वादकाच्या अंगाखांद्यास शोभेल असे घडीव वाद्य निराळे.

आता मूळ पुरुषाकडे येऊ. बिग्सबी यांचा जन्म १८९९ साली झाला. वाद्ये करणे हा त्यांचा मूळ व्यवसाय नव्हे. तरुणपणी ते मोटारसायकलींच्या शर्यतींत भाग घेत, आणि पुढे लॉस एंजेलिस येथील ॲल्बर्ट क्रॉकर यांच्या मोटारसायकलींच्या कारखान्यात काम करीत. क्रॉकर यांच्या गाड्या संख्येने थोड्या, पण कारागिरीने उत्तम म्हणून आजही संग्राहक त्यांस मोठी किंमत देतात. त्या गाड्यांच्या घडणीत बिग्सबी यांच्या हाताचा मोठा वाटा होता. त्यांचा खरा हुन्नर पॅटर्न करण्याचा. कोल्हापूर-शिरोलीकडे फौंड्रीत काम करणाऱ्या आपल्या बांधवांस हा शब्द समजावून सांगावयास नको, इतरांसाठी सांगतो. धातूचा एखादा भाग ओतावयाचा असला म्हणजे प्रथम त्याची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करावी लागते. ती वाळूत दाबून साचा उठवितात आणि त्यात रस ओततात. रस थिजताना धातू आकसतो, तेव्हा प्रतिकृती तेवढी मोठी ठेवावी लागते. ती वाळूतून अलगद निघावी म्हणून तिच्या बाजूंस किंचित उतार द्यावा लागतो. म्हणजे हा कारागीर एका डोळ्याने लाकूड पाहतो आणि दुसऱ्या डोळ्याने धातू. सुतार आणि ओतारी ह्या दोघांचे ज्ञान ज्याच्या एका हातात आहे, तोच उत्तम पॅटर्न करू शकतो. बिग्सबी यांच्या पुढील सर्व यशाचे मूळ आमच्या मते येथे आहे.

१९४० नंतरच्या दशकात त्यांचा परिचय मर्ल ट्रॅव्हिस ह्या गायक-वादकाशी झाला. ट्रॅव्हिस हे केंटकी प्रांतातील कोळशाच्या खाणींच्या मुलखातले. त्यांची बोटांनी गिटार वाजविण्याची रीत पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. त्यांच्या गिटारीवर डॉक कॉफमन नावाच्या संशोधकाने काढलेली एक दांडी बसविलेली होती. ती हलविली म्हणजे तारांचा ताण बदलून स्वरास आंदोलन येई. दोष असा की, दांडी सोडल्यावर तारा मूळ सुरावर परत येत नसत व वाद्य बेसूर होई. ही दांडी दुरुस्त करण्याचे काम बिग्सबी यांच्याकडे आले. त्यांनी ती तपासली, आणि दुरुस्तीने भागणार नाही असे दिसल्यावर स्वतःच्या कल्पनेने सर्वस्वी नवी दांडी तयार केली. तिची गोष्ट पुढे येणारच आहे.

त्यानंतर ट्रॅव्हिस यांनी त्यांस एका कागदावर गिटारीचे चित्र काढून दिले. पातळ अंगाची, घुमटी नसलेली, आणि सहाही खुंट्या माथ्याच्या एकाच बाजूस ओळीने असलेली अशी ती गिटार होती. खुंट्या एका बाजूस असल्या म्हणजे वादकाचा हात सर्व खुंट्यांवर सहज फिरतो आणि तारा घोडीपासून खुंटीपर्यंत सरळ जातात, हा त्यात फायदा. ते चित्र पाहून बिग्सबी यांनी १९४८ साली गिटार सिद्ध केली. तिचे लाकूड मेपल वृक्षाचे, ज्याच्या अंगावर पक्ष्यांच्या डोळ्यांसारखे ठिपके दिसतात त्या जातीचे. मान अंगास निराळी जोडलेली नसून ती अंगाच्या मध्यातून शेवटपर्यंत गेलेली आहे, त्यामुळे तारेची दोन्ही टोके एकाच अखंड लाकडावर पेलली जातात आणि स्वर दीर्घकाळ टिकतो. वजन कमी व्हावे म्हणून अंगात थोडा भाग कोरून काढला आहे. पण पाहणारास ती सबंध भरीवच वाटते. पिकअपही त्यांनी स्वतःच केले. दर्शनी भागावर ट्रॅव्हिस यांचे नाव जडविले आहे, आणि माथ्यावर कर्त्याचे, म्हणजे बिग्सबी यांचे. वाचकांनी ह्या दोन नावांची गोष्ट लक्षात ठेवावी. ही गिटार आज नॅशव्हिल येथील कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम ह्या संग्रहालयात ठेवलेली आहे.

त्याच वर्षी त्यांनी स्पीडी वेस्ट ह्या वादकासाठी पायट्यांची स्टील गिटार तयार केली. आपल्याकडे जिला हवाईयन गिटार म्हणतात तिचे हे वाढलेले रूप होय. ती आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी फिरवून वाजवितात. कांडी सरळ असल्यामुळे एका वेळी ठराविकच स्वरसमूह निघतो. म्हणून पायट्यांना सळ्या जोडून, पाय दाबताच निवडक तारा चढतील अशी योजना असते. पायट्यांची कल्पना सर्वस्वी बिग्सबी यांची नव्हे, गिब्सन कंपनीने त्यापूर्वी तसे वाद्य काढले होते. परंतु बिग्सबी यांचे यंत्र काटेकोर चाले, आणि वेस्ट यांनी ते ध्वनिमुद्रिकांवर इतक्या चपळाईने वाजविले की, त्या वाद्याकडे वादकांचे लक्ष वेधले गेले. मोटारसायकलीच्या कारखान्यात घासलेल्या हातांस सळ्या, स्प्रिंगा आणि बिजागरी यांचे काम अवघड नव्हते. पुढे त्यांनी टायनी मूर यांस पाच तारांचे विजेचे मँडोलिन करून दिले, ग्रॅडी मार्टिन यांस दोन मानांची गिटार करून दिली. ट्रॅव्हिस यांच्या मार्टिन कंपनीच्या पोकळ गिटारीस नवी मानही बसवून दिली. ज्यास जे हवे ते त्याच्या हाताच्या मापाने, ही त्यांची रीत. ह्यामुळे त्यांच्या हातून वाद्ये मोजकीच झाली आणि गिऱ्हाइकांस वाट पाहावी लागे.

आता वादाच्या मुद्द्याकडे येऊ. डाऊनीपासून फारशा दूर नसलेल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचे दुसरे गृहस्थ होते. त्यांचा जन्म १९०९ चा, मूळ धंदा रेडिओ दुरुस्तीचा. वर ज्या कॉफमन यांचे नाव आले, तेच १९४५ साली फेंडर यांचे भागीदार होते. फेंडर यांनी १९५० साली भरीव अंगाची गिटार बाजारात आणली. तिचे आरंभीचे एक नाव ब्रॉडकास्टर; पण ग्रेच कंपनीच्या नगाऱ्यांचे नाव तसेच असल्यामुळे १९५१ मध्ये ते बदलून टेलिकास्टर असे ठेवावे लागले. तिच्या माथ्यावरही सहा खुंट्या एका ओळीत होत्या. १९५४ साली त्यांची स्ट्रॅटोकास्टर आली, आणि तिच्या माथ्याची वळणदार आकृती तर बिग्सबी यांच्या माथ्याशी अनेकांस फारच मिळतीजुळती वाटली. ट्रॅव्हिस यांचे म्हणणे असे की, फेंडर यांनी आपली बिग्सबी गिटार पाहण्यास उसनी नेली होती. फेंडर यांनी मात्र ही कल्पना क्रोएशियाकडील जुन्या वाद्यांवरून घेतल्याचे सांगितले.

खरे कोणाचे? इतिहास शिकविणाऱ्या मनुष्याने येथे घाईने निकाल देऊ नये. एका बाजूस खुंट्या असलेली गिटार व्हिएन्ना येथील स्टाउफर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच केली होती, आणि मार्टिन कंपनीच्या आरंभीच्या गिटारींतही ती तऱ्हा आढळते. तेव्हा ती कल्पना ना बिग्सबी यांच्या एकट्याची, ना फेंडर यांच्या. दुसऱ्या बाजूने पाहिले तर दोन शेजारच्या गावांत, एकाच वादकमंडळींत वावरणाऱ्या दोन कारागिरांस एकमेकांचे काम ठाऊक नव्हते असे मानणेही कठीण. कारागिरीत पाहून शिकणे हे पाप नव्हे. आपल्या वाडवडिलांनीही एकमेकांच्या वाड्यांवरील तुळया आणि महिरपी पाहूनच हात सुधारला. ज्याचे पाहून शिकलो त्याचे नाव घ्यावे, एवढाच काय तो प्रश्न.

वस्तुतः दोघांचे मार्गच भिन्न होते. फेंडर यांनी मान वेगळी करून ती चार स्क्रूंनी अंगास जोडली. ही रचना बिग्सबी यांच्या अखंड मानेपुढे ओबडधोबड दिसेल. पण तिच्यामुळे अंगे एकीकडे, माना दुसरीकडे अशा शेकड्यांनी तयार करता येऊ लागल्या, बिघडलेली मान बदलता येऊ लागली, आणि सामान्य वादकास परवडेल अशी गिटार मिळू लागली. पुढे जगभर, आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतातही, विजेची गिटार जी पोहोचली ती ह्या कारखानदारीच्या मार्गाने पोहोचली. हे श्रेय फेंडर यांस न देणे अन्यायाचे होईल. ज्या गरीब मुलास बिग्सबी यांच्या दाराशी वाट पाहणे आणि पैसे मोजणे शक्य नव्हते, त्याच्या हाती फेंडर यांनी वाद्य दिले.

मग बिग्सबी यांचे नाव राहिले कशाने? ते राहिले त्या दांडीने. तिची रचना सोपी आहे. गिटारीच्या शेपटाकडे एक आडवा दंड फिरता बसविला आहे व तारांची टोके त्यास अडकविली आहेत. दंडास एक लांब दांडी जोडली असून दांडीखाली स्प्रिंग आहे. तारा दंडास एकीकडे ओढतात, स्प्रिंग त्यास दुसरीकडे पेलते. वादकाने दांडी दाबली की दंड किंचित फिरतो, तारा सैल पडतात, स्वर उतरतो. हात उचलताच सर्व पूर्ववत् होते. सतारीवर आपण तार ओढून मींड घेतो तेव्हा एका तारेचा स्वर चढतो. येथे सर्वच तारा एकत्र लवतात. ह्याचे बैठकीचे भाग ॲल्युमिनियमचे ओतलेले, आणि ओतकामाचे पॅटर्न करणारा हात कोणाचा हे सांगावयास नको. १९५० नंतर गिब्सन, ग्रेच, गिल्ड ह्या मोठ्या कंपन्या आपल्या गिटारींवर ही दांडी बसवू लागल्या. चेट ॲटकिन्स ह्यांच्यासारख्या थोर वादकाच्या हाती ती दिसू लागली. मागणी एवढी वाढली की, गिटारी घडविण्याचे मूळ काम हळूहळू मागे पडले. ज्याने कधी एकासारखी दुसरी वस्तू केली नाही, त्याचे नाव अखेर एकसारख्या हजारो दांड्यांवर कोरले गेले.

वय झाल्यावर त्यांनी आपला व्यवसाय टेड मॅकार्टी यांस विकला. हे मॅकार्टी गिब्सन कंपनीचे अनेक वर्षे अध्यक्ष होते. १९६६ पासून धंदा त्यांच्या हाती गेला आणि मिशिगन प्रांतातील कॅलामझू येथे चालू लागला. बिग्सबी १९६८ साली निवर्तले. १९९९ मध्ये मॅकार्टी यांनी तो धंदा ग्रेच यांस दिला, आणि २०१९ साली ग्रेच यांच्याकडून तो विकत घेतला फेंडर कंपनीने. लिओ फेंडर तोवर हयात नव्हते. ते १९९१ मध्येच वारले होते. ज्या दोन नावांमध्ये माथ्याच्या आकृतीवरून एवढा वाद झाला, त्यांतील एक नाव आज दुसऱ्याच्या मालकीचे आहे. यावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही.

आता ह्या हकीकतीचा आपल्याशी संबंध काय, ते सांगून लेखणी आवरतो. बिग्सबी यांची वाद्ये मोजकी असूनही त्यांचा इतिहास आज लिहिता येतो. का? एक तर त्यांनी वाद्याच्या माथ्यावर आपले नाव घातले. दुसरे म्हणजे ज्यांच्यासाठी ती केली त्यांनी ती जपली आणि कर्त्याचे नाव सांगितले. ट्रॅव्हिस मोठे कलावंत होते. दर्शनी भागावर स्वतःचे नाव असताना माथ्यावर कारागिराचे नाव असण्यात त्यांस कमीपणा वाटला नाही. अशी दोन्ही बाजूंची कृतज्ञता असली तरच कारागिराचे नाव उरते.

आपल्याकडे काय घडले? कितीएक देवळांचे सभामंडप, वाड्यांचे दिंडीदरवाजे, पालख्या, देव्हारे, नांगर आणि बैलगाड्या आपल्या ज्ञातीच्या हातांनी घडल्या. बांधणाऱ्या धन्याचे नाव शिलालेखात आहे, घडविणाऱ्याचे नाही. धन्यांनी ते घातले नाही ही एक गोष्ट. पण आपणही ते आपल्या घरी लिहून ठेवले नाही, ही दुसरी. आजोबांनी कोणत्या गावचा मंडप उभारला हे नातवास ठाऊक असते, पणतूस नसते. आता तर मुले शिकून नोकरीस लागली, त्याचा आम्हांस आनंदच आहे. आम्ही स्वतः पटाशी सोडून खडू हाती घेतला. परंतु ज्या पिढीने रंधा शेवटचा चालविला ती आज सत्तरी-ऐंशीत आहे. तिच्याबरोबर तिच्या कामाची माहितीही जाईल.

म्हणून आम्ही मंडळाच्या कार्यकारिणीस एक नम्र सूचना करितो. पुढील वर्षापासून स्मरणिकेत चार पाने राखून ठेवावीत. प्रत्येक सभासद कुटुंबाने आपल्या घरातील कारागिराचे नाव, गाव, त्याने केलेले एखादे काम, ते कोठे आहे व कोणत्या साली झाले, एवढे चार ओळींत लिहून पाठवावे. जेथे शक्य असेल तेथे छायाचित्र काढावे. जुनी हत्यारे भंगारात न घालता त्यांवर कोरलेली अक्षरे उतरवून घ्यावीत. काम फार मोठे नाही, खर्चही विशेष नाही. पण दहा वर्षांत ह्या पानांचा एक लहानसा ग्रंथ होईल, आणि आपल्या ज्ञातीचा खरा इतिहास त्यात असेल. ज्या घरांत अद्याप म्हातारी माणसे आहेत, त्यांनी पुढील स्मरणिकेची वाट न पाहता ह्याच दिवाळीत त्यांच्यापाशी बसावे आणि विचारून घ्यावे.